सीएमबीची मोजणी, सातारा-सांगलीच्या गच्चीवरून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कॉलेजचे विद्यार्थी, विज्ञान शिक्षक आणि हाताने काहीतरी करून बघणाऱ्यांसाठी आहे. पहिला अर्धा भाग घरी करता येण्याजोग्या मोजणीचा आहे, उरलेला मोठ्या प्रयोगांचा. घाई असेल तर आकडेमोडीचा प्रश्न तेवढा सोडू नका. बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

सीएमबी म्हणजे नेमकं काय?

वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण. नाव लांबलचक म्हणून सगळे सीएमबीच म्हणतात. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन अणूत टिकत नव्हते. सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सारखे अडवायचे, धुक्यात दिव्याचा झोत अडावा तसे. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, हायड्रोजनचे अणू जमले, धुकं विरलं आणि प्रकाश मोकळा झाला. तेव्हापासून विश्व सुमारे १०९० पट ताणलं गेलं. त्याबरोबर त्या प्रकाशाच्या लहरीही ताणल्या गेल्या आणि आज तो २.७२५ केल्विन तापमानाच्या वस्तूच्या प्रारणासारखा दिसतो. सगळ्या दिशांनी येतो. अवकाशात दर घनसेंटीमीटरला त्याचे सुमारे ४११ फोटॉन असतात.

जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या म्हणजे सीएमबीच ना?

शंभरातली एखादी मुंगी. बाकीच्या टीव्हीच्या स्वतःच्या सर्किटच्या, आकाशगंगेच्या आणि शेजारच्या मिक्सरच्या. डीटीएचमध्ये मुंग्या दिसत नाहीत, कारण सेट-टॉप बॉक्स डिजिटल आहे आणि सिग्नल नसला की सरळ तसा संदेश देतो. एलएनबीतून (डिशसमोरचा, सिग्नल पकडून वाढवणारा छोटा डबा) येणारी खरखर मात्र तशीच असते. आपल्याला तीच मोजायची आहे.

मग साताऱ्यातल्या गच्चीवरून सीएमबी मोजता येते का?

दोन वेगवेगळे प्रश्न इथे एकात मिसळतात. सीएमबीचं सरासरी तापमान ढोबळमानाने मोजता येतं. जपून केलं तर चूक एक-दोन केल्विनच्या आत राहते. सीएमबीतले बारीक चढउतार, म्हणजे ज्यांवरून आरंभीच्या विश्वाचं गणित बांधलं जातं ते, मोजता येत नाहीत. ते एक लाखात एक भाग इतके सूक्ष्म आहेत. आपल्या डोक्यावरच्या बाष्पाची खरखर त्यांच्या हजारो पट असते.

‘मोजणी’ या शब्दाने फसू नका. हे काम वजाबाकीचं आहे. रेडिओत खरखरीची ताकदही केल्विनमध्येच सांगतात. यंत्रात जमा होणाऱ्या शंभर केल्विनपैकी सत्त्याण्णव कुणाचे, हे एकेक करून ओळखायचं आणि काढून टाकायचं. शिल्लक राहील ती सीएमबी.

साहित्य काय लागेल?

डीटीएचला लावतात तो केयू बँडचा एलएनबी, पण फ्लॅन्जचा (तोंडाला जोडणीची चकती असलेला) घ्या, म्हणजे त्याला स्वतःचा कर्णा (शंकूच्या आकाराचा अँटेना) जोडता येतो. यूएसबीचा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा रेडिओ), साधारण १७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा. एलएनबीला १३ व्होल्ट पुरवणारा पॉवर इन्सर्टर. सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, दुहेरी शील्डची कोअ‍ॅक्स केबल, लॅपटॉप. सूक्ष्मलहरी शोषणारा कार्बनयुक्त फोम, पिरॅमिडच्या टोकांचा, १० सेंटीमीटर उंचीचा, ३० बाय ३० सेंटीमीटरचे दोन तुकडे. थर्माकोलची जाड खोकी. थर्मामीटर आणि कोन मोजायला मोबाइलमधलं इन्क्लिनोमीटर.

पॉवर इन्सर्टर लावताना डोंगलकडच्या बाजूला डीसी ब्लॉक (वीज अडवून फक्त सिग्नल सोडणारा भाग) आहे ना, हे मल्टिमीटरने तपासा. १३ व्होल्ट उलटे डोंगलमध्ये गेले तर तो जळतो, आणि हे फार वेळा होतं. डोंगलचा स्वतःचा बायस टी (केबलमधून वीज देण्याची सोय) पाचेक व्होल्टच देतो, त्यावर एलएनबी चालत नाही.

कर्णा पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घ्या. अर्ध्या मिलीमीटरचा अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळी पत्रा. ३० सेंटीमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ कापायचं, त्याचं आतलं ३६ मिलीमीटर त्रिज्येचं टोक उडवायचं, जोडासाठी एका कडेला ८-१० मिलीमीटर जास्त ठेवायचे आणि वळवायचं. १५ सेंटीमीटर तोंडाचा आणि सुमारे १८ मिलीमीटर टोकाचा शंकू मिळतो. एलएनबीच्या नळीचा व्यास आधी मापून घ्या आणि टोक त्याप्रमाणे ठेवा. जोड बाहेरून घ्यायचा. आत कड, डाख किंवा रिव्हेटचं डोकं राहिलं तर तिथून लहरी परततात.

घरावर डिश आहेच, तीच का नको?

डिश कमकुवत सिग्नल गोळा करायला चांगली. सीएमबी सगळीकडून सारखीच येते, त्यामुळे तोंड मोठं करून काही जास्त मिळत नाही. उलट एलएनबी डिशच्या कडेवरून पलीकडची जमीनही बघतो. जमीन ३०० केल्विनची. नजरेतला पाच टक्के भाग जरी जमिनीवर पडला तरी १५ केल्विन आत आले, सीएमबीच्या पाचपट. कर्ण्याची नजर १२-१३ अंशांची असते आणि कडेने गळती फारच कमी. त्याच्याभोवती पत्र्याचं किंवा जाड फॉइलचं, वर उघडं होत जाणारं कुंपण केलं की उरलेली गळतीही जमिनीऐवजी गार आकाशाकडे वळते.

जागा आणि वेळ कोणती निवडावी? महाबळेश्वर उंच आहे, तिथे जाऊ का?

उंचीचा फायदा आहे, पण बाष्पाचा तोटा त्याहून मोठा ठरू शकतो. पावसाळ्यात डोक्यावरचं सगळं बाष्प पाणी करून साठवलं तर ५० मिलीमीटरच्या आसपास भरेल. हिवाळ्यात ते १५-२० पर्यंत उतरतं. म्हणून महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. जागा म्हणाल तर माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा या एका कामासाठी घाटमाथ्यापेक्षा बरा. ज्या कोरड्या हवेला तिथले लोक वैतागतात, ती इथे उपयोगी पडते.

सातारा शहरात डोंगरांची अडचण आहे. यवतेश्वर, अजिंक्यतारा क्षितिजावर उभे आहेत, आणि डोंगर म्हणजे ३०० केल्विनची भिंत. सांगली-मिरजेचा परिसर सपाट असल्याने तिरकं बघता येतं, मात्र कृष्णाकाठची पहाटेची दमट हवा टाळा.

कर्णा नेहमी उत्तरेकडे कलवा. भूस्थिर उपग्रहांची रांग आपल्याला दक्षिणेकडे, साताऱ्याहून बघितलं तर सर्वांत उंच ठिकाणी सुमारे ६९ अंशांवर लागते. तुमच्या आळीतल्या सगळ्या डिश जिकडे तोंड करून बसल्या आहेत, तिकडे जायचंच नाही. कर्णा सरळ डोक्यावर धरला तरी ही रांग नजरेच्या मध्यापासून वीसेक अंशांवरच असते. म्हणून दक्षिणेकडचं कुंपण थोडं उंच ठेवा.

वेळ मध्यरात्रीनंतरची, कारण तेव्हा तापमान हळू बदलतं. सूर्य नजरेत आला तर आकडा दहा-वीस केल्विननी वर जातो. चंद्राचा परिणाम अर्ध्या केल्विनच्या आत, तरी टाळा. पहाटे चारनंतर कर्ण्याच्या तोंडावर दंव धरतं. पाण्याचा एवढासा थरही काही केल्विन वाढवतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी सापडलं.

द्रव नायट्रोजन कुठून आणायचा? त्याशिवाय नाही का जमणार?

गार संदर्भ, म्हणजे तापमान नेमकं माहीत असलेला थंडगार फोम, नसेल तर एलएनबीची स्वतःची खरखर वेगळी काढता येत नाही. खोक्यावर छापलेल्या ०.१ डेसिबलच्या दाव्यावर विसंबू नका. प्रत्यक्षात ती ५० ते ८० केल्विन निघते.

आपल्या भागात द्रव नायट्रोजन मिळणं त्यामानाने सोपं आहे, कारण गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा त्यातच साठवतात. गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञाचा कॅन दोन-तीन लिटरचा असतो, तो पुरणार नाही. आपल्याला १० ते १२ लिटर लागतील, त्यासाठी दूध संघाच्या किंवा पशुवैद्यकीय साठवण केंद्रात कॉलेजच्या पत्रानिशी विचारा.

थर्माकोलच्या खोक्यात शोषक फोम टोकं वर करून ठेवायचा आणि टोकं जेमतेम बुडेपर्यंत नायट्रोजन हळू ओतायचा. पहिला लिटरभर नुसता उकळून जाईल. उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला ७७.४ केल्विन असतो. सातारा शहराच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने तो ७६.६ च्या आसपास येतो. हा पाऊण केल्विन लहान वाटतो, पण आपण २.७ शोधतोय.

उघड्या गच्चीवरच काम करा. बंद खोलीत नायट्रोजन प्राणवायूला बाजूला सारतो आणि चक्कर येण्याआधी काही कळत नाही. कॅनला घट्ट बूच मारायचं नाही, दाबाने फुटतो. हातमोजे सैल हवेत, म्हणजे आत थेंब गेला तर झटकन काढता येतात. चप्पल घालून ओतू नका.

मोजणीचा क्रम सांगा.

सगळं चालू करून ४५ मिनिटं तसंच सोडा. एलएनबी स्वतःच तापतो आणि तापत असताना त्याचं वर्धन सरकतं.

मग आधी नुसता स्पेक्ट्रम बघा. एलएनबीला १३ व्होल्ट दिले आणि २२ किलोहर्ट्झचा टोन दिला नाही, तर त्याचा स्थानिक दोलक ९.७५ गिगाहर्ट्झवर असतो. म्हणजे आकाशातले १०.७ गिगाहर्ट्झ केबलमध्ये ९५० मेगाहर्ट्झ होऊन येतात. त्याच्या आसपास दोन मेगाहर्ट्झची सपाट, शांत जागा शोधा. ९५० वर उंचवटे दिसले तर ते आकाशातले नसण्याची शक्यता जास्त, कारण मोबाइलचा ९०० चा पट्टा ९६० पर्यंत येतो आणि ढिल्या कनेक्टरमधून थेट केबलमध्ये घुसतो. कर्ण्याचं तोंड फोमने झाका. उंचवटा तसाच राहिला तर दोष केबलचा. आकाशातूनही त्रास आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचे थवे याच पट्ट्यात बोलतात आणि ते उत्तरेलाही असतात. आकड्यात अचानक उसळी येऊन गेली तर तेवढे सेकंद गाळा.

डोंगलचा आपोआप गेन बंद करा. हे विसरलात तर गरम-गार काहीही समोर ठेवा, आकडा जवळपास तोच येतो. गेन हाताने ठरवल्यावर अ‍ॅटेन्युएटर लावून आणि काढून गरम-गारचं गुणोत्तर तपासा. ते बदललं तर कुठेतरी वर्धक गुदमरतोय.

नोंदीचा क्रम असा: गरम फोम (त्याचं तापमान लिहून), गार फोम, डोक्यावरचं आकाश, उत्तरेला ४५ अंश कललेलं, ६० अंश कललेलं, परत डोक्यावरचं, परत गरम फोम. प्रत्येकी ३० सेकंद, आणि हा फेरा किमान दहा वेळा. गार फोम मोजताना कर्णा सात-सात मिलीमीटर वरखाली करून सरासरी घ्या. द्रवाच्या पृष्ठभागावरून थोडं परावर्तन होतं आणि पाव लहरीएवढं अंतर बदललं की त्याची लाट उलटते. सरासरी काढायची ती मूळ शक्तीची, डेसिबलची नाही.

आकडेमोड कशी?

समजा गरम फोम ३०० केल्विनचा आहे आणि डोंगल ३.८०० दाखवतो. गार फोम ७६.६ केल्विनचा, दाखवतो १.५६६. म्हणजे २२३.४ केल्विनच्या फरकाला २.२३४ एकक, एका एककाला १०० केल्विन. गरमचे एकूण ३८० केल्विन झाले, त्यातून ३०० वजा करा; यंत्राची स्वतःची खरखर ८०.

आता आकाश. डोक्यावर ०.९००, ६० अंश कलल्यावर ०.९४५. डोक्यावरच्या आकाशाचे ९० केल्विन, त्यातून यंत्राचे ८० गेले, राहिले १०. ६० अंशांवर नजर वातावरणाच्या दुप्पट जाडीतून जाते. म्हणून दोन वाचनांतला ४.५ केल्विनचा फरक म्हणजेच एकपट वातावरण. तेही गेलं, राहिले ५.५. कुंपणाआडून येणारी जमिनीची गळती समजा ३ केल्विन निघाली (कुंपण काढून-घालून अंदाज घ्यायचा). राहिले २.५.

२.७२५ पासूनचा हा फरक एक-दोन केल्विनच्या चुकीत सहज मावतो. १०.७-११ गिगाहर्ट्झवर क्वांटम दुरुस्तीमुळे २.७२५ केल्विनची वस्तू अँटेनाला २.४७ केल्विनची भासते. पण तशीच दुरुस्ती दोन्ही फोमनाही लागते आणि आपण त्यांची खरी तापमानंच वापरली, त्यामुळे ती जवळपास कटते.

आता गार फोमचं वाचन फक्त एक टक्का चुकवून बघा: १.५६६ ऐवजी १.५८२. यंत्राची खरखर ८० ची ८२.७ होते, आकाशाचे १० केल्विन ७.९ वर येतात, आणि सगळं वजा केल्यावर सीएमबी ०.४ केल्विन उरते. अख्खं महास्फोटाचं प्रारण एका टक्क्याच्या चुकीत बुडालं! म्हणून नोंदवहीत उत्तरापेक्षा चुकीचा हिशेब मोठा असला पाहिजे.

सरासरीसाठी जास्त वेळ घेतला तर अचूकता वाढेल ना?

फारशी नाही. ९० केल्विनची एकूण खरखर आणि दोन मेगाहर्ट्झची रुंदी असेल तर एका सेकंदातच यादृच्छिक चूक ०.०६ केल्विनवर येते. ती अडचण नव्हतीच. अडचण वर्धन सरकण्याची आहे: ०.०५ डेसिबल सरकलं की एक केल्विन गेला. तासभर आकाशाकडे बघत बसण्यापेक्षा दर दोन मिनिटांनी गरम फोम समोर धरलेला बरा. एलएनबीभोवती थर्माकोल गुंडाळा, वाऱ्याची झुळूकही आकड्यात दिसते.

उत्तर उणे आलं / अकरा केल्विन आलं. काय चुकलं?

उणे आलं तर संशय गार फोमवर. नायट्रोजनची पातळी खाली जाऊन टोकं उघडी पडली, किंवा थर्माकोलवर बर्फ धरला, म्हणजे फोम तुम्ही समजता त्याहून गरम होता. जास्त आलं तर जमीन, पाण्याची टाकी, शेजारची भिंत, झाड. ईशान्येपासून वायव्येपर्यंत कर्णा फिरवून ४५ अंशांवर आकडा सारखा येतो का बघा. येत नसेल तर फरक आकाशाचा नाही.

उत्तर बरोबर २.७ आलं तरी संशय घ्याच. गळतीचा अंदाज हवं ते उत्तर येईपर्यंत वरखाली करता येतो, आणि मन ते नकळत करतं. गळती आधी ठरवा, लिहा, मग वजाबाकी करा.

सीएमबी पहिल्यांदा पकडणाऱ्या पेन्झियस आणि विल्सन यांनी वेगळं काय केलं होतं?

पद्धत हीच, साधनं कितीतरी सरस. न्यू जर्सीत होल्मडेलला बेल लॅबचा २० फुटी कर्णा होता, ४०८० मेगाहर्ट्झवर चालणारा. वर्धक माणकाच्या स्फटिकाचा मेसर, स्वतःची खरखर अगदी कमी. गार संदर्भ द्रव हेलियमचा, ४.२ केल्विनच्या आसपासचा. मापनाचा आकडा संदर्भाच्या इतका जवळ असला की आपल्यासारखी दूरवर ताणलेली रेषा काढावी लागत नाही.

त्यांचा १९६५ चा हिशेब बघण्यासारखा आहे. डोक्यावरच्या आकाशाचे ६.७ केल्विन. त्यातून वातावरणाचे २.३, अँटेनाच्या धातूतल्या नुकसानीचे ०.८, जमिनीचे जास्तीत जास्त ०.१. शिल्लक ३.५, एक केल्विन इकडेतिकडे. कबुतरांची घरटी काढली, विष्ठा पुसली, तरी शिल्लक हटेना. तिचा अर्थ प्रिन्स्टनमधल्या डिकी, पीबल्स यांच्या गटाने सांगितला. १९४८ मध्ये आल्फर आणि हर्मन यांनी ५ केल्विनच्या आसपास असं काही असावं, हे गणिताने मांडलं होतं, पण शोधायला कुणी गेलं नव्हतं. नोबेल १९७८ मध्ये मिळालं.

उपग्रहांनी ही वजाबाकी कशी टाळली?

वातावरण टाळलं, वजाबाकी टाळता येत नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये सुटलेल्या कोबे उपग्रहावरच्या फिरास उपकरणाने आकाशाच्या जागी मधूनमधून एक काळा शंकू सरकवला. त्याचं तापमान आकाशाइतकंच ठेवायचं आणि फरक शून्याजवळ आणायचा. शून्याजवळचा फरक मोजताना यंत्राचे दोष दोन्ही बाजूंना सारखेच असतात आणि कटतात. त्यातून पुढे २.७२५५ हे मूल्य आलं, चूक केल्विनच्या हजाराव्या भागाहून कमी. वर्णपटही आदर्श कृष्णवस्तूचा (पडेल ते सगळं प्रारण शोषणाऱ्या वस्तूचा) निघाला. कोबेच्याच दुसऱ्या उपकरणाने १९९२ मध्ये चढउतार दाखवले. २००१ चा डब्ल्यूमॅप आकाशाच्या दोन दिशा एकाच वेळी बघून त्यांचा फरक घेत असे. २००९ चा प्लांक पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर होता, त्याचे सर्वांत गार शोधक ०.१ केल्विनवर चालत, आणि त्याने ३० ते ८५७ गिगाहर्ट्झच्या नऊ पट्ट्यांत आकाश बघितलं. नऊ पट्टे कशाला? आकाशगंगेची धूळ आणि इलेक्ट्रॉन प्रत्येक पट्ट्यात वेगवेगळे चमकतात, सीएमबी मात्र एकाच ठरलेल्या प्रमाणात. म्हणून ती वेगळी काढता येते.

त्या चढउतारांवरून आरंभीचं विश्व कसं कळतं?

तापलेल्या विश्वात प्रकाश आणि द्रव्य एकत्र बांधलेले होते. गुरुत्व द्रव्याला दाबायचं, प्रकाशाचा दाब परत ढकलायचा, आणि त्यातून ध्वनीच्या लाटा उठल्या. मिरजेत तंबोरा लावणारे कारागीर तार छेडून मूळ सूर आणि त्यावरचे स्वर ऐकतात आणि तारेची लांबी, जाडी, भोपळ्याचा घाट ओळखतात. सीएमबीचं विश्लेषण तसंच चालतं. उपमेला मर्यादा आहे: तारेत ठरावीक लांबीच सूर निवडते, तर विश्वात सर्व लांबीच्या लाटा होत्या आणि त्या सगळ्या एकाच क्षणी, प्रकाश सुटला तेव्हा, गोठल्या. त्या क्षणी जी लाट नेमकी एकदा पूर्ण दाबली गेली होती ती पहिलं शिखर देते.

ते आकाशात सुमारे एक अंशाएवढं, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट दिसतं. त्यावरून अवकाशाची भूमिती सपाट असल्याचं कळतं. दुसऱ्या शिखराची उंची पहिल्याच्या मानाने किती, यावरून साध्या द्रव्याचं प्रमाण, तिसऱ्यावरून कृष्णद्रव्याचं. प्लांकच्या आकड्यांतून विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, साधं द्रव्य ५ टक्क्यांच्या आसपास, कृष्णद्रव्य सुमारे २६-२७ आणि उरलेली कृष्णऊर्जा. प्रसरणाचा दर (दर मेगापार्सेकला, किलोमीटर प्रतिसेकंदात) ६७.४ येतो, तर जवळच्या ताऱ्यांच्या आणि सुपरनोव्हांच्या शिडीने तो ७३ च्या आसपास येतो. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

खोडदचं जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण, इतकं जवळ आहे, तिथे हे का करत नाहीत?

तिथल्या ३० डिश मीटरभर आणि त्याआसपासच्या लहरींसाठी आहेत, सुमारे १५०० मेगाहर्ट्झच्या खाली. त्यातल्या खालच्या पट्ट्यांत आकाशगंगेची स्वतःची चमक सीएमबीला झाकते. शिवाय डिश जोडीजोडीने जुळवून बघणाऱ्या यंत्रणेला सगळीकडे सारखं असलेलं काही दिसतच नाही, तिला फक्त फरक कळतो. लांब लहरींवरचा एक जवळचा प्रयोग मात्र बघण्यासारखा आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस-३ हा अँटेना कर्नाटकातल्या तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्यावर तरंगवला. खाली जमिनीऐवजी एकसारखं पाणी असलं की तळाकडून येणाऱ्या खरखरीचा हिशेब सोपा होतो. कोयनेचा शिवसागर बघताना हे आठवायला हरकत नाही.

जयंत नारळीकर तर महास्फोट मानत नव्हते. मग?

कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्याबरोबर स्थिर स्थितीच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. त्यात सीएमबी म्हणजे लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून परत सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. असा प्रकाश इतका निर्दोष कृष्णवस्तूचा वर्णपट आणि शिवाय ध्वनिलाटांची शिखरं देईल, हे दाखवणं फार कठीण ठरलं आणि बहुतेक अभ्यासक महास्फोटाकडे राहिले. पण विरोधकाने पर्यायी गणित मांडल्याशिवाय कुठलं मोजमाप निर्णायक ठरेल, हे कळत नाही. त्यांचा आक्षेप हा तसा होता, नुसता नकार नव्हता.

२०१४ मध्ये ‘विश्वाच्या जन्माच्या गुरुत्वलहरी सापडल्या’ अशी बातमी होती. तिचं काय झालं?

वजाबाकी अपुरी पडली. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने ध्रुवीकरणात एक पीळदार नमुना बघितला, पण एकाच पट्ट्यात, १५० गिगाहर्ट्झवर. आकाशगंगेची धूळही तसाच नमुना देते. प्लांकची ३५३ गिगाहर्ट्झची माहिती शेजारी ठेवल्यावर २०१५ मध्ये धुळीचा वाटा दिसला आणि दावा मावळला. २०२१ पर्यंत त्याच गटाने त्या लहरींच्या प्रमाणाची (घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत) वरची मर्यादा ०.०३६ पर्यंत खाली आणली. मूळ दावा ०.२ चा होता.

यंत्र नाही, लॅपटॉप आहे. काय करता येईल?

प्लांकचे नकाशे फुकट उतरवता येतात. पायथॉन आणि हीलपाय हे पॅकेज टाका. पूर्ण नकाशात ५ कोटींहून जास्त ठिपके असतात. साधा लॅपटॉप त्याने दमतो, म्हणून एनसाइड (नकाशाची बारकाई ठरवणारा आकडा) २०४८ वरून २५६ वर आणा, ठिपके ७ लाख ८६ हजार होतील. मोह होऊन ६४ वर आणू नका: तिथे बहुध्रुव (चढउतार किती बारीक आहे हे सांगणारा क्रमांक, l) १९१ च्या पुढचं काही उरत नाही आणि पहिलं शिखर २२० वर आहे. “शिखर दिसत नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी नेहमीची गफलत ठिपक्यांच्या क्रमाची. प्लांकच्या फायली नेस्टेड क्रमात असतात. वाचताना तो रिंगमध्ये बदलला नाही तर नकाशाची गोधडी होते. आकडे केल्विनमध्ये असतात, मायक्रोकेल्विनसाठी दहा लाखांनी गुणा. आकाशगंगेचा पट्टा मास्कने झाका आणि मिळालेल्या वर्णपटाला उघड्या राहिलेल्या आकाशाच्या अंशाने भागा. मग प्रत्येक आकड्याला l(l+1)/2π ने गुणल्यावर शिखराची उंची ५७०० मायक्रोकेल्विन वर्गाच्या आसपास यायला हवी. कमी आली तर ठिपके मोठे केल्याने झालेली झीज भरून काढायची राहिली असेल.

पावसाळ्यात यंत्र कसं ठेवायचं?

एलएनबी काढून डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. शोषक फोम उन्हात वाळवून पिशवीत. ओला फोम पुढच्या हिवाळ्यात शोषकाऐवजी आरशासारखा वागतो. कर्ण्याचं तोंड आणि टोक दोन्ही कापडाने बांधा. होल्मडेलला कबुतरं होती, आपल्याकडे कुंभारीण माशी आहे. १८ मिलीमीटरची नळी तिला घर बांधायला अगदी मापाची वाटते, आणि चिखलाचा तो गोळा बाहेरून दिसत नाही.